ठिबक घेताय? आधी पूर्वसंमती, मग खरेदी

काटोल-नरखेड पट्ट्यात उन्हाळा लागला की विहिरी तळ गाठतात आणि संत्र्याच्या बागेसाठी ठिबकची धावपळ सुरू होते. या घाईतच हक्काचं अनुदान हातचं जातं, ते बघून जीव तुटतो.

अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. निवड झाल्यावर कागदपत्रं चढवायची आणि पूर्वसंमतीची, म्हणजे खरेदीआधी कृषी विभाग देतो त्या मंजुरीची, वाट बघायची. तोवर नळीचा एक तुकडाही विकत घेऊ नका. दुकानदार म्हणेल, "माल घेऊन जा, बिल मागून करू." ऐकू नका. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल धरत नाहीत.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. बागेत विहीर डोळ्यांना दिसते, पण सातबाऱ्यावर तिची नोंदच नसते. मग पाण्याचा स्रोत कसा दाखवणार? म्हणून अर्जाआधी तलाठ्याकडे जाऊन नोंद तपासा, नसेल तर करून घ्या. सातबारा सामायिक असेल तर भावाबहिणींचं संमतीपत्र आत्ताच घ्या. ऐन वेळी कुणी पुण्याला असतं, कुणी लग्नात. शेतकरी ओळख क्रमांक आणि आधारशी जोडलेलं बँक खातंही तयार ठेवा, कारण पैसे थेट खात्यातच येतात.

केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना) ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याच्या पूरक अनुदानाने ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. मात्र ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर मोजतात, तुमच्या बिलावर नाही. तेव्हा कोटेशन दोन-तीन ठिकाणांहून घ्या.