भाला कसा फेकायचा, आणि डावा पाय का वाकू द्यायचा नाही

नीरज चोप्राने २०२१ मध्ये टोकियोला ८७.५८ मीटर टाकून गोल्ड आणलं आणि तेव्हापासून तालुक्याच्या ग्राउंडवरसुद्धा पोरांच्या हातात भाला दिसायला लागला. चांगलंच झालं, पण भाल्याबरोबर सल्ले देणारेही आले. "जोरात पळत ये आणि खांद्यातून हाण." "४५ अंशात सोड, फिजिक्स आहे." "आधी जिमला जा, दंड बनव." हे तिन्ही सल्ले एकाच तोंडून ऐकू आले की मी गपचूप बाटली उचलून पाणी भरायला जातो.

तर आता नीट सांगतो. सगळं उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी उजवं-डावं बदलून वाचावं. वॉर्मअप, खांदे मोकळे करणं वगैरे तुम्हाला कळतं असं धरून चालतो.

भाला आणि बूट

पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, लांबी २.६ ते २.७ मीटर. महिलांचा ६०० ग्रॅम, २.२ ते २.३ मीटर. १८ वर्षांखालच्या मुलांना ७०० आणि मुलींना ५०० ग्रॅम. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात ८०० चा भाला देऊन "ताकद येईल" म्हणणाऱ्या सरांना कोणीतरी थांबवा प्लीज, ताकद येत नाही, कोपर जातं. भाला मिळत नसेल तर बांबू घ्या, लाज वाटायचं कारण नाही, अन्नू राणी सुरुवातीला ऊस आणि बांबू फेकायची आणि पुढे तिने हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ६२.९२ मीटरवर गोल्ड मारलं.

बुटांचं मात्र ऐका. धावण्याचे स्पाइक्स असतात त्यांना खिळे फक्त चवड्याखाली, भाल्याच्या बुटांना टाचेखाली पण असतात आणि ते उगाच नसतात, कारण पुढे सांगणार आहे तो डावा पाय टाचेवर पडतो. मुरमाच्या ग्राउंडवर साध्या बुटात फुल स्पीडने फेकू नका, पाय सटकला की जांघेचा स्नायू गेलाच समजा.

आणि समोर माणूस असताना भाला उचलायचाच नाही. सगळ्यांनी फेकून झाल्यावर सगळ्यांनी चालत जायचं, पळत नाही, आणि परत आणताना भाला उभा, टोक खाली.

पकड

भाला तळहातात तिरका ठेवायचा आणि दोरी गुंडाळलेली असते तिच्या मागच्या कडेला एक बोट अडकवायचं. काही जण तर्जनी अडकवतात, काही मधलं बोट अडकवून तर्जनी दांड्यावर लांब ठेवतात, काही दोन बोटांच्या फटीत धरतात. तिन्ही चालतात. यावर तासभर वाद घालणारे लोक मी बघितलेत, त्यांचा भाला कुठेच गेलेला बघितला नाही.

उभ्याने फेकणं

डावा पाय पुढे, हात मागे, वीस मीटरवर एखादी खूण बघून तिथे टोक रोवायचं. टोक सरळ लागेपर्यंत पळायचं नाव काढायचं नाही.

धाव आणि भाला मागे नेणं

स्पर्धेत धावपट्टी ४ मीटर रुंद आणि किमान ३० मीटर लांब असते, म्हणून काय ३० मीटर पळायलाच पाहिजे असं नाही. सहा-आठ पावलं सरळ, मग पाच पावलं आडवी, म्हणजे अंग बाजूला वळवून, नवीन माणसाला एवढं बास. वेग किती घ्यायचा याचं माझं उत्तर एकच, शेवटी जेवढा थांबवता येतो तेवढा.

आडवी पावलं सुरू होताना दोन पावलांत भाला मागे न्यायचा. हात पूर्ण सरळ, तळहात आकाशाकडे, मूठ खांद्याच्या उंचीला, टोक भुवईजवळ. डावा खांदा फेकायच्या दिशेला वळतो पण पावलं शक्यतो पुढेच पळत राहतात, खेकड्यासारखं आडवं सरकायचं नाही. ही पावलं टाकताना वेग कमी झाला तर आधीची धाव फुकट गेली. बाकी हे सगळं चालत चालत, मग हळू जॉगिंग करत, रोज दहा मिनिटं केलं की आठवड्या-दोन आठवड्यांत जमतं.

शेवटची दोन पावलं: इथे थांबा आणि हळू वाचा

भालाफेक म्हणजे खरं तर एवढंच. ९० मीटरच्या आसपासचा थ्रो असेल तर भाला हातातून सेकंदाला साधारण ३० मीटरच्या वेगाने सुटतो, म्हणजे तासाला शंभर किलोमीटरच्या वर. माणूस भाला घेऊन पळतो तो वेग याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. मग उरलेला वेग येतो कुठून? डावा पाय जमिनीला टेकला की भाला सुटेपर्यंत सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा जातो, बहुतेक सगळा वेग त्यात तयार होतो. दंडातून एवढं काम एवढ्या वेळात होत नाही, कुणाच्याही नाही.

होतं असं की डावा पाय सरळ, कडक, टाचेवर पडतो आणि शरीराचा खालचा भाग तिथल्या तिथे अडतो. सायकल जोरात असताना पुढचा ब्रेक कचकन दाबला की चाक थांबतं आणि वर बसलेला हँडलवरून पुढे जातो ना, तेच. कंबर अडली की छाती पुढे फेकली जाते, मग खांदा, मग कोपर आणि सगळ्यात शेवटी हात. ग्राउंडवर याला ब्लॉक म्हणतात. डावा गुडघा वाकला की ही सगळी साखळी तिथेच सुटते, अंग पुढे वाहत जातं आणि मग माणूस उरलेल्या हाताने भाला ढकलत बसतो.

मी स्वतः इथे लई दिवस अडकलो होतो आणि मला सगळे एकच सांगायचे, "गुडघा वाकवू नको." अरे पण सांगून गुडघा सरळ राहत नाही! पळत येऊन सगळं वजन त्या पायावर आदळतं, तेव्हा गुडघ्याला विचारायला वेळ नसतो. गुडघा वाकायची कारणं त्याच्या आधीच घडून गेलेली असतात, आणि दुरुस्ती तिथेच करावी लागते.

पहिलं कारण म्हणजे उजव्या पायावर रेंगाळणं. शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब घ्यायचं, उजवा पाय टेकेपर्यंत डावा पाय त्याच्या पुढे येऊन गेलेला पाहिजे, म्हणजे तो लगेच खाली पडतो. आवाज ऐका. चांगल्या थ्रोअरचा आवाज टप-टप असा जोडून येतो, नवीन माणसाचा टप... आणि मग कधीतरी धप. त्या मधल्या वेळात अंग उजव्या पायावरून पुढे निघून जातं आणि डावा पाय पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. मी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगतो ते बघायला नाही, डोळे मिटून ऐकायला.

दुसरं, ते लांब पाऊल वर उडी मारून घेणं. पोरांना वाटतं उंच उडी म्हणजे पॉवर. वर गेलात की खाली आदळणार, उजवा गुडघा कोलमडणार आणि वेग मातीत. पाऊल जमिनीलगत, सपाट, पुढे.

तिसरं कारण कोणी सांगत नाही. डावा पाय उजव्याच्या बरोबर समोर पडला की कंबर वळायला जागाच राहत नाही, मग शरीर जागा करण्यासाठी गुडघा वाकवतं. डावा पाय सरळ रेषेपासून एक पाऊलभर डावीकडे पडला पाहिजे, बोटं जवळजवळ समोर. फार डावीकडे पण नको, मग अंग डावीकडे कलतं आणि भाला उजवीकडे सुटतो.

याच्यासाठी मी जो सराव करून घेतो तो बघायला एकदम बोअर आहे. भाला बाजूला ठेवायचा, एक किलोचा बॉल घ्यायचा, चालत यायचं, उजवा-डावा टप-टप टाकायचं आणि बॉल सोडल्यावर डाव्या सरळ पायावर उंच उभं राहायचं, तसंच दोन सेकंद. पुढे पाऊल गेलं तर तो थ्रो मोजायचा नाही. चालत जमलं की जॉगिंगने. जमत नाही तोपर्यंत लांब धाव बंद, मग कोणी कितीही हसू दे.

आता हाताचं. डावा पाय टेकतो तेव्हा हात अजून मागेच असला पाहिजे, सरळ आणि सैल. हे सगळ्यात अवघड आहे कारण डोकं ओरडत असतं "फेक, फेक". हाताने काहीच करायचं नाही असं समजा, छाती पुढे गेली की तो आपोआप ओढला जातो, आणि ओढला जाताना कोपर खांद्याच्या वरून, कानाजवळून आलं पाहिजे. क्रिकेटवाले इथे हमखास घोळ घालतात, बाउंड्रीवरून बाजूने सपाट बॉल फेकायची सवय असते त्यामुळे कोपर खाली पडतं आणि हात बाहेरून फिरतो. नियमातच आहे की भाला खांद्याच्या किंवा दंडाच्या वरून जायला पाहिजे, आणि नियम सोडा, कोपराच्या आतल्या बाजूला असा ताण येतो की वर्षं वाया जातात. नीट फेकणाऱ्यांचं पण कोपर सुटत नाही, खुद्द नीरजच्या उजव्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत ऑपरेशन झालं आणि तो सीझन गेला. आतून दुखायला लागलं की त्या दिवशी भाला ठेवून द्यायचा. बाम लावून फेकायचं नाही.

आणि ते पडणं! नीरज थ्रो सोडल्यावर दोन्ही हातांवर पुढे पडतो, ते बघून पोरं पहिल्या दिवसापासून पडायचीच प्रॅक्टिस करतात. त्याचा डावा पाय अडतो आणि वेग एवढा असतो की तो फेकला जातो, ठरवून मारलेली डाइव्ह नाही ती. वर आणखी, त्या पडण्यासाठी त्याला धावपट्टीच्या शेवटच्या रेषेच्या (ती ओलांडली की फाउल) बरंच मागून भाला सोडावा लागतो, म्हणजे थोडं अंतर तिथेच जातं. त्याला परवडतं. ब्लॉक बघायचाच असेल तर जर्मनीच्या योहानेस फेटरचा २०२० चा ९७.७६ मीटरचा थ्रो स्लो करून बघा आणि फक्त डाव्या पायाकडे बघा. व्हिडिओ बघून शिकता येत नाही असं म्हणणाऱ्यांना केनियाचा ज्युलियस येगो दाखवा, यूट्यूब बघत शिकला आणि २०१५ ला बीजिंगमध्ये ९२.७२ टाकून वर्ल्ड चॅम्पियन झाला. पण बघताना हात बघत बसलात तर काही मिळणार नाही.

कोन

४५ विसरा. तेवढ्या चढ्या कोनात अंगाचा जोर भाल्यात जातच नाही, शिवाय हवेचाही परिणाम असतोच. चांगले थ्रो साधारण ३२ ते ३६ अंशांत सुटतात. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जोर दांड्याच्या रेषेतच लागला पाहिजे, टोक एकीकडे आणि जोर दुसरीकडे गेला की भाला हवेत थरथरतो, ते लांबूनही दिसतं. टोक फार वर असेल तर भाला हवेत उभा राहतो आणि तिथेच संपतो.

जुने लोक सांगतात की पूर्वी भाला जास्त तरंगायचा, ते खरं आहे. पूर्व जर्मनीच्या उवे होनने १९८४ मध्ये १०४.८० मीटर टाकला, मैदान पुरेना, शिवाय भाले सपाट पडायचे त्यामुळे टोक लागलं की नाही यावर भांडणं. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे नेला, आता टोक लवकर खाली वळतं. नवीन भाल्याचा रेकॉर्ड यान झेलेझनीचा, ९८.४८ मीटर, १९९६, अजून कोणी मोडला नाही. हाच उवे होन पुढे नीरजचा कोच होता, आणि २०२४ च्या शेवटी झेलेझनी पण झाला.

फाउल

टोक आधी लागलं पाहिजे, भाला सेक्टरच्या, म्हणजे मैदानावर आखलेल्या दोन रेषांमधल्या भागाच्या, आत पडला पाहिजे, रेषेला किंवा रेषेपलीकडे अंग लागता कामा नये, फेकताना मागे पूर्ण गिरकी घ्यायची नाही, आणि भाला पडायच्या आधी धावपट्टी सोडायची नाही. सोडताना पण रेषेच्या मागूनच बाहेर पडायचं, शालेय स्पर्धेत पोरं आनंदात पुढून जातात आणि पंच लाल झेंडा दाखवतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला नीरजचे सहापैकी पाच थ्रो फाउल होते, एकच धरला गेला, ८९.४५, त्यावर सिल्व्हर, आणि पाकिस्तानचा अर्शद नदीम ९२.९७ टाकून गोल्ड घेऊन गेला. तेव्हा धाव मोजून घ्या. शेवटचा डावा पाय रेषेच्या दीड-दोन मीटर मागे पडेल अशी खूण लावा, आणि स्पर्धेच्या दिवशी ती पुन्हा मोजा, कारण उत्साहात पावलं लांब पडतात.

एका दिवसात फुल जोराचे दहा-बारा थ्रो पुरे. बाकी सगळं बॉलवर आणि चालत. जमिनीत रुतलेला भाला काढताना आधी उभा करायचा आणि मग सरळ वर ओढायचा, तिरका हिसडला तर वाकतो, आणि शेपटामागे कोण उभं आहे ते आधी बघा.