किल्ल्यांच्या जुडग्यातला टॉर्च कसा निवडावा

प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये टॉर्च असताना किल्ल्यांना आणखी एक कशासाठी अडकवायचा, हा प्रश्न रास्त आहे. मोबाईल दातांत धरून दोन्ही हात मोकळे ठेवता येत नाहीत, भर पावसात तो बाहेर काढवत नाही, आणि वीज जाऊन रात्रभर येण्याची चिन्हे नसतील तेव्हा त्याची बॅटरी बोलण्यासाठी राखून ठेवणेच शहाणपणाचे असते. त्यामुळे बोटाएवढा स्वतंत्र टॉर्च सतत जवळ असावा, असे मी आग्रहाने सांगतो. मात्र तो घेताना बहुतेक जण खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे एकूण प्रकाश किती पडतो याचा, आकडा आधी पाहतात, आणि माझ्या मते तो सर्वांत शेवटी पाहावा. आधी पाहायचे ते हे, की त्याचा सर्वांत मंद प्रकाश किती मंद आहे, त्याला कोणता सेल लागतो आणि खिशात तो आपोआप पेटण्याची शक्यता किती आहे.

कुलपाचे भोक शोधायला, अंधाऱ्या जिन्याच्या पायऱ्या पाहायला किंवा घरातले सगळे झोपलेले असताना कपाटातून औषध काढायला १ ते ५ ल्युमेन पुरतात. गल्लीतून चालायला २० ते ३० ल्युमेन बरे पडतात, आणि गच्चीवरच्या टाकीत डोकावायचे असेल तर १०० ल्युमेनचा उपयोग होतो. डोळ्यांना प्रकाश दुप्पट वाटण्यासाठी तो प्रत्यक्षात सुमारे चौपट व्हावा लागतो, म्हणून १०० आणि १५० ल्युमेनमधला फरक वापरताना फारसा जाणवत नाही. उलट मंद पातळीच नसलेला टॉर्च मध्यरात्री डोळ्यांवर झळकला, की अंधाराला सरावलेली नजर पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. ज्या टॉर्चमध्ये पहिल्या फिरकीला किंवा पहिल्या दाबाला मंद प्रकाशच लागतो, तो पसंत करावा.

खोक्यावरच्या दाव्यांची शहानिशा साध्या गणिताने करता येते. पुन्हा चार्ज होणारा एएए सेल (रिमोटमध्ये बसतो त्या बारीक आकाराचा) सुमारे ७५० मिलिअँपिअर-तासांचा आणि १.२ व्होल्टचा असतो, म्हणजे त्यात साधारण ०.९ वॅट-तास ऊर्जा मावते. चांगला एलईडी आणि त्यामागचे सर्किट मिळून एका वॅटमागे १०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देतात असे धरले, तर या सेलवर १०० ल्युमेनचा प्रकाश तासभराच्या आत संपतो आणि १० ल्युमेनचा आठ-नऊ तास टिकतो. एवढ्याच सेलवर १०० ल्युमेन पाच तास मिळतील असे कोणी छापले असेल, तर त्या कंपनीच्या इतर आकड्यांवरही विश्वास ठेवू नये. नखाएवढ्या अंगभूत लिथियम बॅटरीत तर बहुधा याच्या निम्मी ऊर्जा असते.

प्रामाणिक कंपनीचा आकडासुद्धा समजून घेऊन वाचावा लागतो. एफएल १ हे टॉर्चच्या मोजमापाचे मानक २००९ साली अमेरिकेत आले आणि आता नामांकित कंपन्या तेच वापरतात. त्यानुसार प्रकाश टॉर्च पेटवल्यावर ३० सेकंदांनंतर मोजतात, आणि तो त्या मोजलेल्या प्रकाशाच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ म्हणजे ‘रनटाइम’ धरतात. त्यामुळे ३०० ल्युमेनचा छोटा टॉर्च एक-दोन मिनिटांत तापून स्वतःहून मंद झाला आणि पुढे तास-दीड तास ५० ल्युमेनवर जळत राहिला, तरी तो सगळा वेळ रनटाइममध्ये मोजला जातो. कंपनीने प्रकाश आणि वेळ यांचा आलेख दिला असेल तर तो जरूर पाहावा.

सेलची निवड हा या खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. माझा कल स्पष्टपणे एएए सेलच्या टॉर्चकडे आहे, कारण तो सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो आणि संपला की क्षणात बदलता येतो. रिमोटमध्ये घालतो तो स्वस्त झिंक-कार्बन सेल मात्र यात घालू नये. जोराचा प्रवाह त्याला झेपत नाही आणि तो लवकर गळतो. अल्कलाइन सेलही संपलेल्या अवस्थेत आत राहिला तर गळून अॅल्युमिनियमच्या नळीत असा घट्ट बसतो, की पुष्कळदा टॉर्चच टाकून द्यावा लागतो. रोज वापरणाऱ्याने पडून राहिला तरी स्वतःहून फारसा न उतरणारा, पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्यावा. हा टॉर्च क्वचितच लागत असेल तर १.५ व्होल्टचा, चार्ज न होणारा लिथियम सेल उत्तम, कारण तो अल्कलाइनपेक्षा हलका असतो, सहसा गळत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. त्याच आकाराचा १०४४० नावाचा ३.७ व्होल्टचा सेलही बाजारात मिळतो. टॉर्चच्या माहितीपत्रकात त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय तो घालू नये, कारण त्याने सर्किट जळू शकते.

यूएसबीवर चार्ज होणारे टॉर्च १०-२० ग्रॅमचे, देखणे आणि सोयीचे असतात. ज्यांना महिन्यातून एकदा आठवणीने चार्ज करण्याची शिस्त आहे, त्यांनी ते खुशाल घ्यावेत. फक्त त्यांची बॅटरी काही वर्षांनी थकते आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही, हे लक्षात ठेवावे. स्वस्त टॉर्चपैकी काही टाइप-सी पोर्ट असूनही दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होत नाहीत, म्हणून दुकानातच आपल्या केबलवर लावून पाहावे.

नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलचे टॉर्च सर्वांत हलके आणि स्वस्त आहेत, पण घरात लहान मूल असेल तर ते घेऊ नयेत, असे मी ठामपणे म्हणेन. हा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, आणि किल्ल्यांचे जुडगे हे मुलांचे आवडते खेळणे असते. घ्यायचाच असेल तर ज्याचे झाकण स्क्रूने बंद होते तोच घ्यावा, आणि मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावे.

डोके फिरवून पेटणाऱ्या टॉर्चमध्ये बिघडण्यासारखे फार कमी असते आणि पाव फेरा जास्त सैल केला की तो खिशात पेटत नाही, पण त्याला बहुधा दोन हात लागतात. बटणाचा टॉर्च एका हाताने चालतो; त्याचे बटण उठावदार नसावे आणि ते कुलूपबंद करण्याची सोय असावी. पाठीमागे चुंबक असलेला टॉर्च गाडीच्या बॉनेटखाली फार कामाचा असला, तरी ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवू नये.

प्रकाशाच्या रंगाकडे लोक दुर्लक्ष करतात, याचे मला वाईट वाटते. पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाचा, थर दिलेला निळा एलईडी, आणि स्वस्त प्रकारांत लाल छटा इतकी कमी असते की हाताची त्वचा निर्जीव दिसते. मीटरच्या पेटीतील लाल, पिवळी, निळी, काळी आणि हिरवी वायर नीट ओळखता आली पाहिजे, किंवा जखम किती लाल झाली आहे हे कळले पाहिजे, असे वाटत असेल तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा अधिक आणि ४००० ते ५००० केल्विनचा, म्हणजे फार पिवळट किंवा फार निळसर नसलेला, प्रकाश निवडावा, मग त्यासाठी काही ल्युमेन कमी मिळाले तरी चालतील. दुकानात टॉर्च मंद पातळीवर लावून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहावा. पडद्यावर ठळक पट्टे सरकताना दिसले तर प्रकाश लुकलुकतो आहे, आणि संवेदनशील डोळ्यांना त्याचा त्रास होतो.

आपल्या पावसाळ्यासाठी पाण्यापासूनच्या संरक्षणाची आयपीएक्स४ (उडणारे पाणी सोसणारी) ही पातळी किमान हवी आणि आयपीएक्स७ (पाण्यात पडले तरी चालणारी) असल्यास उत्तम. रबरी रिंगला अधूनमधून सिलिकॉन ग्रीस लावावे. शेताच्या बांधावरून रात्री जाताना मात्र या टॉर्चवर विसंबू नये. घोणस किंवा मण्यार वेळीच दिसावी यासाठी हातात मोठाच टॉर्च हवा, आणि किल्ल्यांमधला तो बंद पडला तर उपयोगी पडणारा जोडीदार समजावा.

घरातल्या वयस्कर माणसासाठी घेताना अनेक पातळ्या, झगमगणारा प्रकाश, बटण किती वेळा दाबायचे याची गणिते, हे सगळे टाळावे. एकच पातळी, २० ल्युमेनच्या आसपास प्रकाश, एक एएए सेल आणि बोटांना पकड मिळेल असे खरबरीत अंग एवढे पुरे. सेल कसा बदलायचा ते त्यांच्याकडूनच एकदा करवून घ्यावे.