डीएनए डॅमेजवर काम सुरू करताय? आधी हे वाचा

आमच्या लॅबमध्ये नवीन आलेली मुलं पहिल्यांदा विचारतात ते आरओएस (पेशीत बनणारे, ऑक्सिजन असलेले अतिक्रियाशील रेणू) मोजण्याबद्दल. साहजिक आहे. डीसीएफडीए हा आरओएस दाखवणारा डाय टाकला की पेशी हिरव्यागार चमकतात, ग्राफ देखणा येतो. पण हा डाय नेमक्या कुठल्या रेणूमुळे चमकला ते कळत नाही, आणि उजेडात राहिला तर औषधाशिवायही चमकतो. म्हणून मी आधी तुटलेला डीएनए बघायला बसवते.

सुरुवात रेडिएशनने करा, तिथे हिशेब सोपा आहे. १ ग्रे (शोषलेल्या रेडिएशनचं एकक) डोसला एका पेशीत डीएनएची एकच साखळी सुमारे १००० ठिकाणी तुटते, दोन्ही साखळ्या २० ते ४० ठिकाणी. संख्येने थोड्या असल्या तरी पेशीला भोवतात त्या या दुसऱ्याच. एक्स-रेने होणारं बरंचसं नुकसान पाण्यापासून बनलेल्या हायड्रॉक्सिल रॅडिकलमुळे होतं; हाही एक आरओएसच. हे नुकसान ऑक्सिजन असला की पक्कं होतं. ऑक्सिजन कमी असलेली कॅन्सरची गाठ रेडिएशनला दाद देत नाही, त्याचं मूळही इथेच आहे.

गॅमा-एचटूएएक्सचे (दोन्ही साखळ्या तुटल्या तिथे खूण होणाऱ्या प्रथिनाचे) ठिपके मोजताना वेळ सांभाळा. अर्ध्या तासाच्या आसपास ते भरपूर दिसतात, २४ तासांनी बहुतेक विरलेले असतात. एकाच वेळेचं रीडिंग घेतलंत तर नुकसान कमी झालं की दुरुस्ती लवकर झाली, हे सांगता येणार नाही.

कॉमेट अ‍ॅसेमध्ये (तुटलेला डीएनए विजेच्या प्रवाहात शेपटासारखा बाहेर ओढला जातो, त्या चाचणीत) औषध न दिलेल्या पेशींनाच लांब शेपूट दिसलं, तर पुढचं काही मोजू नका. पेशी काढताना घासल्या गेल्या असतील किंवा प्लेट उजेडात राहिली असेल. हायड्रोजन पेरॉक्साइडचा पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात नुकसान दिसायलाच हवं असा नमुना) लागत नसेल तर मीडियमच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाच्या, बाटलीवरचं लेबल वाचा. सोडियम पायरुवेट असेल तर ते पेरॉक्साइड फस्त करतं. (हे प्रोटोकॉलमध्ये क्वचितच लिहिलेलं असतं.)

खरी कसोटी पुढे आहे. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध आरओएस वाढवतं, शिवाय टोपोआयसोमरेज-२ ला (डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला) डीएनएवर अडकवूनही साखळ्या तोडतं. मग यातलं काय कशामुळे? एनएसी (एन-अॅसिटिलसिस्टीन, आरओएस शमवणारं अँटिऑक्सिडंट) देऊन ठिपके कमी होतात का बघा, असं सगळे सांगतात. जरूर बघा. पण हाच प्रयोग सिस्प्लॅटिन या प्लॅटिनम असलेल्या कॅन्सरच्या औषधाबरोबर कराल तेव्हा एनएसीचा थायॉल (गंधक असलेला) गट थेट प्लॅटिनमला चिकटतो. ठिपके कमी होतील, पण ते औषधच निकामी झाल्यामुळे. तेवढ्यावरून 'सिस्प्लॅटिन ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे (म्हणजे आरओएस वाढवून) मारतं' असं थीसिसमध्ये लिहिलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.