जार थांबला होता, सोनं वाढत होतं

पहाटेचे तीन वाजले असतील. जारमध्ये गोळ्यांनी सोन्याचा क्षार दळून धातूचं सोनं कसं बनतं, ते आम्ही क्ष-किरणांनी पाहत होतो. दळणारी मिल थांबवून मी कॉफी आणायला गेले. किरणांच्या झोताचं, म्हणजे बीमचं, शटर मात्र उघडंच राहिलं. परत येऊन पाहते तर स्क्रीनवरच्या आलेखात सोन्याचा पीक, म्हणजे टोकदार उंचवटा, मघापेक्षा उंच. जार स्थिर, गोळे तळाशी निपचित. मग सोनं तयार करतंय कोण? सोन्याच्या क्षाराचं क्षपण, म्हणजे क्षाराचा धातू करणं, खुद्द क्ष-किरणच करत होते.

आधीच्या दोन दिवसांचा डेटा आम्ही मोठ्या आनंदात साठवला होता. त्यातलं दळण्याने किती झालं आणि किरणांनी किती, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

घरी मी 'खलबत्त्यात कुटते' एवढंच सांगते, आणि ते फारसं खोटं नाही. मायकेल फॅरेडेने 1820 मध्ये सिल्व्हर क्लोराइड जस्ताबरोबर खलात घोटून चांदी मिळवली होती. आज खलाच्या जागी सेकंदाला तीसेक वेळा हलणारा जार असतो. आत काय चाललंय ते पाहायचं तर पूर्वी जार उघडून चिमूटभर पूड काढावी लागे. पण काढलेल्या पुडीतही रसायनं थांबून राहत नाहीत. 2013 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉनवरच्या (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावरच्या) प्रयोगात ॲक्रिलिकच्या जारमधून आरपार किरण सोडून, मिल चालू असतानाच विवर्तन (स्फटिकांवरून किरण कोणत्या कोनांत वळतात ते) मोजल्याचं प्रसिद्ध झालं. आमची सगळी कामं त्याच वाटेवरची.

या वाटेवर मी आणखी एकदा पडले. एका पिकाच्या जागी दोन पीक दिसले आणि नवी फेज, म्हणजे नवी स्फटिकरचना, सापडली म्हणून मी आठवडाभर हवेत होते. प्रत्यक्षात पूड जारच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही भिंतींना चिकटली होती. डिटेक्टरपासूनची अंतरं दोन, म्हणून पीकही दोन. ते एकमेकांत मिसळले तर पीक रुंद होतो आणि पिकाच्या रुंदीवरून कणांचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने कण आहेत त्याहून लहान निघतात. पुडीत थोडं सिलिकॉन मिसळलं, ज्याचे पीक कुठे यायला हवेत हे आधीच ठाऊक असतं, तर ही चूक लगेच पकडता येते. रिकाम्या जारचं चित्रही आधीच घेऊन ठेवा, कारण ॲक्रिलिकचा स्वतःचा पसरट उंचवटा त्यात असतोच.

सोनं आणि चांदी एकत्र दळणार असाल तर नुसत्या विवर्तनावर विसंबू नका. दोघांच्या स्फटिकांची जाळी जवळपास सारखीच, 4.08 आणि 4.09 अँगस्ट्रॉम, त्यामुळे पीक एकावर एक बसतात. शिवाय एक-दोन नॅनोमीटरच्या कणांचे पीक इतके पसरतात की पार्श्वभूमीत विरून जातात. तिथे एक्स-रे शोषण उपयोगी पडतं. किरणांच्या ठरावीक ऊर्जेला शोषण एकदम वाढतं, तिला कड म्हणतात: सोन्याची एल-3 कड 11.92 केइव्हीला (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला), चांदीची के कड 25.51 ला. सोनं तीन धनभारातून धातूत येताना कडेवरचा ठळक उंचवटा ओसरत जातो, तो पाहायला मला अजूनही मजा येते. मात्र 12 केइव्हीचे किरण जाड भिंतीत अडकतात, म्हणून जारची भिंत पातळ लागते. कार्यशाळेतल्या माणसाशी ओळख ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर असतं.

भारतात राहूनही सुरुवात होते. इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर विवर्तनाच्या आणि शोषणाच्या बीमलाइन (किरण वापरून प्रयोग करण्याच्या जागा) आहेत. जार न नेता, वेगवेगळ्या वेळी थांबवलेले नमुने नेऊनही पुष्कळ शिकता येतं.

आणि कुठेही अर्ज करा, बीमवरचा वेळ मागताना दोन जास्तीच्या जारांसाठी मागा. एक न दळता किरणांत ठेवायचा, दुसरा पूर्ण दळून शेवटीच किरणांना दाखवायचा. माझ्या पुढच्या अर्जावर शेरा आला, 'न दळलेल्या जारसाठी वेळ कशाला?' मी त्या पहाटेचा आलेख जोडून पाठवला. वेळ मिळाला.