नर्स शिकून आली, पण गेली कुठे? नेत्रसेवेचं मनुष्यबळ उभं करताना या चुका टाळा

आफ्रिकेतल्या मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयात पहिल्यांदा गेलो, तेव्हा वहीत एका नर्सचं नाव लिहून नेलं होतं. आमच्या प्रकल्पातून तिनं डोळ्यांच्या कामाचं वर्षभराचं प्रशिक्षण घेतलं होतं. तिला भेटायचं, चार प्रश्न विचारायचे आणि अहवालात 'प्रशिक्षित कर्मचारी कार्यरत' अशी ओळ टाकायची, एवढंच काम होतं. ती भेटली, पण प्रसूती कक्षात. तिथल्या दोन नर्स नोकरी सोडून गेल्या म्हणून मेट्रननं, म्हणजे मुख्य परिचारिकेनं, हिला तिकडे लावलं होतं. मेट्रनचं काही चुकलं नव्हतं, अडलेल्या बाईपुढे मोतीबिंदू थांबू शकतो. चुकलं होतं आमचं. मंत्रालयापासून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या आम्ही घेतल्या, पण जी बाई ड्युटी लावते तिच्याशी एकदाही बोललो नव्हतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे. त्यातल्या किमान १०० कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार व्हायचे आहेत. २०२१ मध्ये सदस्य देशांनी २०३० पर्यंतची उद्दिष्टंही ठरवली. तेव्हापासून नर्स, तंत्रज्ञ, शस्त्रक्रिया करणारे क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण उपचार करणारे कर्मचारी) घडवण्याचे प्रस्ताव भराभर लिहिले जातात. मीही लिहिलेत. त्यातल्या चुका मात्र त्याच त्या.

प्रमाणपत्रं मोजणं

प्रस्तावात 'तीन वर्षांत ३० जणांना प्रशिक्षण' असं लिहिलं की तिसाव्या प्रमाणपत्राबरोबर उद्दिष्ट पूर्ण होतं. माणूस पुढे कुठे गेला हे विचारायची गरजच उरत नाही. त्यापेक्षा नावांची साधी यादी ठेवा. प्रशिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी, वर्षानं आणि दोन वर्षांनी प्रत्येकाला फोन करायचा: आज कुठल्या विभागात आहात, गेल्या आठवड्यात डोळ्यांचे किती पेशंट पाहिलेत? आमची पहिली यादी अशी भरायला घेतली तेव्हा कार्यालयात बराच वेळ कुणी बोललं नाही.

माणूस टिकत नसेल तर पहिला प्रश्न पदाचा. 'डोळ्यांची नर्स' असं पद आस्थापनेवर आहे, की ती सामान्य नर्स असून केवळ कामापुरती डोळ्यांकडे दिली आहे? आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी हे पद असतं. माणूस बदलून गेला, पद रिकामं राहिलं, तरी खुर्ची राहते आणि ती भरा म्हणून भांडता येतं. मुळात पदच नसेल तर भांडायचं कशावर? पद मंजूर करून घ्यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, म्हणून हे काम प्रशिक्षणाच्या आधी सुरू व्हायला हवं. बहुतेक प्रकल्पांत ते शेवटच्या वर्षी आठवतं.

एकट्या सर्जनला शिकवणं

नेत्रतज्ज्ञ फार कमी असल्यामुळे पूर्व आफ्रिकेतल्या काही देशांनी डॉक्टर नसलेल्या क्लिनिकल ऑफिसरना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकवली. निर्णय धाडसाचा होता आणि माझ्या मते बरोबरही. पण केनिया, मलावी आणि टांझानियातल्या अशा सर्जनांचा अभ्यास झाला तेव्हा एकाच्या आणि दुसऱ्याच्या कामात प्रचंड तफावत दिसली. ती हाताच्या कौशल्यापुरती नव्हती. सोबत शिकलेली माणसं आहेत का, सूक्ष्मदर्शक चालतो का, खेड्यातून पेशंट आणायला गाडी आहे का, यावर बरंच अवलंबून होतं.

मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं. तिथं सर्जन एका टेबलावर काम करत असतो तेव्हा शेजारच्या टेबलावर पुढचा पेशंट तयार ठेवतात, खेड्यांतून येऊन तिथंच शिकलेल्या मुली. आफ्रिकेतून पाहुणे जातात, सर्जनचा वेग बघून थक्क होतात आणि परत येऊन आणखी एक सर्जन शिकायला पाठवतात. बघायचं असतं ते त्या मुलींकडे. सर्जनबरोबर टेबल लावणारी नर्स आणि डोळा मोजून आत बसवायच्या कृत्रिम लेन्सचा नंबर काढणारा तंत्रज्ञ, अशी तिघांची तुकडीच पाठवा. कमी माणसं शिकतील, पण काम जास्त होईल.

घरी नसलेल्या यंत्रावर शिकवणं

मोठ्या शहरातल्या संस्थेत फेकोचं, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढायचं, यंत्र असतं, शिकणाऱ्यालाही तेच हवं असतं. परत जातो तिथं फेको नाही, दुरुस्तीला माणूस नाही, वीज दिवसातून दोनदा जाते. तिथं उपयोगाची असते ती छोट्या छेदाची, बिनटाक्याची हाताने करायची शस्त्रक्रिया, म्हणजे एसआयसीएस. प्रशिक्षणाची जागा ठरवताना विचारा की शिकणारा स्वतःच्या हातानं, देखरेखीखाली, किती शस्त्रक्रिया करणार? 'भरपूर बघायला मिळेल' असं उत्तर आलं तर दुसरी संस्था शोधा. लॉगबुकात 'पाहिल्या', 'मदत केली' आणि 'स्वतः केल्या' असे तीन रकाने वेगळे असू द्या. आणि भाषा! मोझांबिकमधला माणूस पोर्तुगीजमध्ये शिकलेला असतो. त्याला इंग्रजी अभ्यासक्रमाला पाठवलं तर पहिले काही महिने भाषेतच जातात.

शस्त्रक्रिया घटल्या की सर्जनला दोष देणं

एका ठिकाणी आठवड्याला पंधरा शस्त्रक्रिया होत होत्या, त्या अचानक चारवर आल्या. मुख्य कार्यालयाचं निदान तयार होतं: सर्जनची प्रेरणा कमी झाली, त्याला रिफ्रेशर कोर्स द्या. मी गेलो तर गडी सकाळी सातपासून ओपीडीत. त्यानं एक अक्षर न बोलता लेन्सचं कपाट उघडून दाखवलं. कपाट भरलेलं होतं. पण १५, १६, २७, २८ नंबरच्या लेन्सनी. बहुतेकांना लागतात त्या २० ते २३ च्या कधीच संपल्या होत्या. ऑर्डर देताना प्रत्येक नंबरच्या लेन्स सारख्याच मागवल्या गेल्या होत्या. ऑर्डरवर सही माझी.

तेव्हापासून आकडा पडला की मी पेशंटच्या वाटेनं चालत जातो. गावात तपासणी होते का? तपासलेला माणूस रुग्णालयात पोचतो का? पोचला तर त्याच दिवशी घेतात, की 'पुढच्या मंगळवारी या' म्हणतात? लेन्स, ब्लेड, शस्त्रक्रियेत डोळ्यात घालायचं जेल, उपकरणं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, सूक्ष्मदर्शकाचा बल्ब, सगळं आहे का? सर्जनपर्यंत यायच्या आतच बहुधा उत्तर सापडतं. बल्ब तर इतक्यांदा निघाला की आता प्रत्येक भेटीला दोन जादा बल्ब बॅगेत असतात. मलावीत नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला की मक्याच्या पेरणीत पेशंट फिरकत नाही, वाटही चिखलाची. मृगात विदर्भातल्या खेड्यात शिबिर लावून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तरी वार्षिक टार्गेटचे चार समान तुकडे करून तिमाहीला वाटणारे महाभाग आहेतच.

निकाल न बघता संख्या वाढवणं

जागतिक आरोग्य संघटनेची जुनी, अजूनही उपयोगी पट्टी अशी: शस्त्रक्रियेनंतर, असेल तो चष्मा लावून, किमान ८० टक्के पेशंटना ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून) किंवा त्याहून चांगलं दिसावं, आणि ६/६० पेक्षाही कमी दिसणारे ५ टक्क्यांच्या आत असावेत. हे जमत नसेल तर लगेच सर्जनला पुन्हा शिकायला पाठवू नका. कमी दिसणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पिनहोल, म्हणजे बारीक भोकाची चकती, धरा. त्यातून स्पष्ट दिसू लागलं तर गडबड नंबराची आहे: डोळा नीट मोजला गेला नाही, हवी ती लेन्स नव्हती किंवा नंतर चष्माच दिला नाही. म्हणजे शिकवायचं तंत्रज्ञाला. पिनहोलनंही फरक पडत नसेल तर केसपेपर काढा. शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली होती, की काचबिंदू किंवा पडद्याचा आजार आधीपासून होता? पहिल्यात सर्जनजवळ उभं राहून शिकवणारा माणूस हवा, दुसऱ्यात तपासणी सुधारायला हवी.

भत्त्याबद्दल एवढंच, की कार्यशाळेचा दिवसाचा भत्ता पगाराच्या मानानं भरघोस असेल तर तेच ते चेहरे प्रत्येक कार्यशाळेत दिसतात आणि ओपीडी ओस पडते. शक्य असेल तिथं माणूस काम करतो तिथंच जाऊन शिकवा.

बंद करायची तारीख चुकवणं

आमचा तो प्रकल्प संपला तेव्हा लेन्स, जेल आणि दुरुस्तीचा खर्च जिल्ह्यानं उचलावा, ही बोलणी आम्ही शेवटच्या महिन्यात सुरू केली. जिल्ह्याचं बजेट तोवर मंजूर होऊन गेलं होतं. अधिकारी भला माणूस, त्यानं चहा पाजला आणि पुढच्या वर्षी नक्की घालतो म्हणाला. शिकलेली तुकडी हजर, ओटी झाडूनपुसून तयार, आणि लेन्स नाहीत म्हणून शस्त्रक्रिया बंद. आता हस्तांतराच्या बैठकीची तारीख मी जिल्ह्याच्या बजेटवरून मागे मोजत आणतो, आमचं अनुदान कधी संपतं त्यावरून नाही. बैठकीला भांडारपालाला बोलावतो, आणि मेट्रनलाही.