पोट्ट्यांचं हॉटेल: मुलांची विनोदी लघुफिल्म नागपुरात कशी करावी

मुलं हॉटेल चालवतात, एवढं ऐकूनच हसू येतं. ते हसू पडद्यावर टिकवायचं तर मुलांना काम खरंच यायला हवं. झारा कसा धरायचा हे माहीत नसलेलं पोर कॅमेऱ्यासमोर नुसते हातवारे करतं आणि प्रसंग खोटा पडतो. म्हणून पटकथा लिहिण्याआधी एका रविवारी घरच्या दहा माणसांसाठी मुलांकडून तर्री-पोह्यांचं (तर्री म्हणजे चण्यांचा लाल तवंगाचा रस्सा) हॉटेल चालवून घ्या. एकानं ऑर्डर घ्यायची, एकानं प्लेटा लावायच्या, एकानं गल्ला सांभाळायचा. गॅसजवळ फक्त मोठं माणूस. तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसा. सुटे पैसे देताना कोण गोंधळतं, कोण गिऱ्हाइकावर डाफरतं, कोण शेव आधी स्वतः खातं, हे सगळं टिपून ठेवा. निम्मे प्रसंग इथेच मिळतात.

बारा मिनिटांच्या फिल्मला साधारण बारा पानं, एकच जागा आणि चार-पाच मुलं पुरेत. भाषा इथलीच ठेवा. ‘का करून राहिला बे?’ हे मित्र मित्राला म्हणेल, आजोबांना नाही. प्रत्येक वाक्याला ‘बे’ जोडलं तर ती नक्कल वाटते.

विनोद शब्दातून कसा फुलवायचा याचं एक उदाहरण. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सुट्टीत पुण्याहून आलेला मावसभाऊ प्लेटा लावतोय. ‘पोह्यावर सांबार टाक’ अशी हाक येते आणि तो इडलीच्या पातेल्यातलं सांबार पोह्यावर ओततो. हे जमायला दोन गोष्टी आधी दाखवाव्या लागतात: ओट्यावरचं इडली-सांबाराचं पातेलं, आणि भाजीवालीकडून ‘सांबाराची जुडी’ घेणारी मुलगी. हे दोन शॉट गाळले तर विदर्भाबाहेरच्या प्रेक्षकाला प्रसंग समजावून सांगावा लागतो, आणि समजावलेल्या विनोदावर कुणी हसत नाही. ओतणाऱ्या मुलाचा चेहरा मात्र गंभीरच हवा. तो हसला की प्रसंग गेला.

आता पोहे. प्रत्येक टेकला, म्हणजे तोच शॉट पुन्हा घेताना दर खेपेला, नवी प्लेट लागते, त्यामुळे खाण्याच्या एका प्रसंगाला वीसेक प्लेटा धरा. एक किलो जाड पोह्यांत साधारण बारा प्लेटा होतात. दहा प्लेटांच्या तर्रीला पाव किलो चणे आठ तास भिजवून कुकरला मऊ शिजवा. वाटणात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण आणि गरम मसाला. तिखट तेलात घालताना गॅस बंद करा, नाहीतर ते करपतं आणि कॅमेऱ्यात तर्री लाल न दिसता काळपट दिसते. मुलांच्या तोंडी जाणाऱ्या तर्रीत फक्त काश्मिरी मिरचीची पूड घाला: रंग तोच, तिखटपणा कमी. सावजी ठसक्याचं पातेलं वेगळं ठेवा आणि त्यावर चिठ्ठी लावा.

तर्री थंड झाली की वरचा तवंग मंदावतो. टेकच्या आधी लाल तेल वेगळं गरम करून दोन चमचे वर सोडा, चमक परत येते. पोह्यांचं उलटं आहे. इथल्या कोरड्या हवेत कडा पटकन वाळतात, म्हणून पाण्याची हलकी फवारणी करा आणि तर्री शॉट चालू असतानाच ओता. आधी ओतलेली तर्री पोहे पिऊन टाकतात, मग प्लेटीत लगदा दिसतो. वाफ टिपायची तर दिवा प्लेटीच्या मागे हवा, समोरून प्रकाश टाकला की ती दिसेनाशी होते. मुलांच्या हातातलं अन्न कोमटच असू द्या. वाफेसाठी प्लेटीमागे उकळत्या पाण्याचा वाडगा लपवा, तोही मोठ्या माणसाच्या ताब्यात.

खाण्याचे शॉट मुलांना भूक असताना, सगळ्यात आधी घ्या. चौथ्या घासानंतर आनंद उतरतो, आणि तो अभिनयानं भरून काढता येत नाही. मुलांचे क्लोजअप आधी, मोठ्यांचे नंतर. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे चार फुटांच्या आसपास. वरून घेतलं की मुलं बिचारी दिसतात, मालक दिसत नाहीत. ट्यूबलाइटखाली मोबाइलवर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यानं वेगळ्या आकड्यांवर चित्र लुकलुकू शकतं. प्रत्येक टेकनंतर टेबलाचा फोटो काढा, नाहीतर संकलनात अर्धी प्लेट पुन्हा भरलेली निघते.

मे महिन्यात शूटिंग नकोच. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात म्हणून मोकळे दिवस भरपूर वाटतात, पण पारा 45 च्या आसपास असताना कूलरशिवाय मुलं टिकत नाहीत आणि कूलर चालू असला की एकही संवाद वापरता येत नाही. दिवाळीची सुट्टी धरा. स्टीलच्या प्लेटांचा खणखणाटही संवाद खातो: टेबलावर जाड टॉवेल, त्यावर मेणकापड घाला आणि प्लेटांचे आवाज नंतर वेगळे टिपा. माइक अ‍ॅप्रनखाली लावला तर कापड घासतं, म्हणून गळ्याशी काठावर लावा.

व्यावसायिक फिल्म असेल तर नियम पक्के आहेत. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीनं 14 वर्षांखालच्या मुलांना कलाकार म्हणून काम करता येतं, पण 2017 च्या नियमांच्या अटींवर. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातात. हौसेच्या फिल्मलाही तासांचं बंधन पाळाच. तिसऱ्या तासानंतर थकलेल्या मुलाकडून काही चांगलं मिळत नाही.

संकलनात सांबाराच्या प्रसंगानंतर गिऱ्हाइकाचा चेहरा तीन सेकंद तरी धरून ठेवा आणि तिथे संगीत घालू नका.