सरांवरचा स्मरणलेख लिहिताना

सर गेल्याची बातमी येते आणि दोन-चार दिवसांतच विभागातून फोन येतो, की विशेषांकासाठी हजारेक शब्द हवे आहेत. अशा वेळी प्रथम ‘ऋषितुल्य’, ‘व्यासंगी’, ‘ज्ञानमहर्षी’, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ हे सगळे शब्द एका कागदावर उतरवून तो कागद बाजूला ठेवावा. नाव बदलले की हे शब्द कुठल्याही प्राध्यापकाला चालतात. त्यानंतर आपण स्वतः पाहिलेली, इतरांना सहसा ठाऊक नसलेली सरांची वागणूक आठवून तिची टिपणे काढावीत.

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांना ‘थोर खगोलशास्त्रज्ञ’ म्हटल्याने माणूस दिसत नाही. परंतु स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून पाठवत, एवढे सांगितले तरी तो दिसू लागतो. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव त्यांच्या मिस्कीलपणाबद्दल आणि न्यायबुद्धीबद्दल चार विशेषणांपेक्षा अधिक सांगते.

आपल्या सरांविषयी असे काही सुचत नसेल, तर जुनी कागदपत्रे काढावीत. माझ्या मार्गदर्शकांनी तपासलेले प्रबंधाचे एक प्रकरण मी जपून ठेवले आहे. त्यातील एका पानाच्या समासात पेन्सिलीने पाच ठिकाणी एकच शब्द आहे, ‘कशावरून?’, आणि पाचव्या वेळी पेन्सिल इतकी दाबली गेली आहे की तो शब्द पानाच्या मागे उमटला आहे. त्यांच्यावरच्या लेखाची सुरुवात मी तिथूनच केली.

पदे, पुरस्कार आणि समित्या वेगळ्या चौकटीत द्याव्यात. वर्षे मात्र आठवणीवर विसंबून लिहू नयेत; मी एकदा एका सरांच्या पीएच.डी.चे वर्ष चुकवले आणि अंक छापून आल्यावर त्यांच्या पत्नीने, काहीही न बोलता, पदवीचे प्रमाणपत्र माझ्यासमोर ठेवले.

सर्वांत अवघड भाग मतभेदांचा असतो आणि नेमका तोच गाळला जातो. नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह स्थिर स्थिती विश्वाची, म्हणजे विश्वाला आरंभ नाही या मताची, बाजू मांडली आणि बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी महास्फोटाचा सिद्धान्त स्वीकारल्यानंतरही ते त्यावर प्रश्न विचारत राहिले. हे वगळून त्यांच्यावर लिहिणे म्हणजे त्यांचे निम्मे वैचारिक आयुष्य वगळणे होय. आपल्या सरांचे म्हणणे आपल्याला पटले नसेल, तर ते कोणत्या मुद्द्यावर आणि त्यावर त्यांनी काय उत्तर दिले, हे नेमकेपणाने लिहावे. खासगी गाऱ्हाणी मात्र लेखात आणू नयेत. त्यांना उत्तर द्यायला सर आता नाहीत.

लेख छापायला देण्यापूर्वी घरच्या मंडळींना वाचायला द्यावा आणि त्याच भेटीत सरांच्या टिपणवह्या, पत्रे व समासात लिहिलेल्या पुस्तकांविषयी विचारावे. हे काम वर्षश्राद्धापर्यंत लांबवू नये. घर आवरायला काढले, की छापील पुस्तके ग्रंथालयाकडे जातात आणि वह्या मात्र रद्दीच्या तराजूत जातात.